फलकवाचन आणि मोठे काका

४ सप्टेंबर

नवी वही, नवा निर्धार. पुस्तक यंदा पूर्ण करायचंच. विषय: भीती आणि संमती. सत्ता माणसाला दरडावून राज्य करते, की गोड बोलून त्याच्या गळी उतरते? उत्तर माझ्यापाशी तयार आहे, फक्त लिहायचं राहिलंय. रोज पहाटे उठून दोन पानं.

ही रोजनिशी माझ्याखेरीज कुणासाठी नाही, तेव्हा इथे निर्भयपणे लिहायचं. खबरदारी एवढीच, की सध्याच्या नेत्याचं नाव घ्यायचं नाही. यापुढे त्यांना 'मोठे काका' म्हणायचं. वही कुणाच्या हाती लागली तरी घरगुती भानगड वाटेल.

५ सप्टेंबर

उठायला आठ वाजले. पुस्तक सोमवारपासून. आठवडा सोमवारीच सुरू होतो.

८ सप्टेंबर

सोमवार. कॉलेजात गडबड, पुस्तक राहिलं.

आमचा संस्कृती-अभ्यास विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि यंदा कंत्राटावर आलेली नवी मॅडम. हुशार आहे. मार्क्सवाद कोळून प्यायलीय आणि तरी हसतमुख आहे, याचं मला नवल वाटतं. तिला प्रात्यक्षिक क्रमांक चार समजावून दिलं. ही माझी निर्मिती. मुलांना रस्त्यावर न्यायचं, एका जाहिरातीच्या फलकासमोर उभं करायचं आणि तो वाचायला लावायचा. अक्षरं नाही, चित्र. कोण मोठं काढलंय, कोण लहान, नजर कुठे आहे, बघणाऱ्याकडून काय हवंय. विचारसरणी पुस्तकात नसते, भिंतीवर चिकटवलेली असते, हे माझं वाक्य. गेली काही वर्षं आम्ही टूथपेस्टचा फलक घेतो.

मॅडम म्हणाली, की सर, टूथपेस्टच का? गेटसमोर तर आता मोठ्या काकांचा केवढा तरी फलक लागलाय. (ती अर्थात नाव घेऊन म्हणाली. तिला अनुभव कमी.) स्टाफरूममध्ये अर्थशास्त्रवाले प्राध्यापक बसले होते. हा गृहस्थ मला मागून 'टूथपेस्टवाले' म्हणतो, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या देखत मी म्हणालो, की जरूर घ्या, अभ्यासकाने भिऊन कसं चालेल, मी आहे तुमच्या पाठीशी. अर्थशास्त्रवाले बिस्कीट चहात बुडवायचं विसरले. दिवसभर छाती फुगलेली होती.

१५ सप्टेंबर

प्रात्यक्षिक झालं. मी जाणारच होतो, पण ऊन फार. गच्चीवरून पाहिलं. मुलं फलकासमोर उभी राहून वाद घालत होती. टूथपेस्टच्या वेळी निम्मी पोरं झाडाखाली झोपायची. विभागप्रमुख म्हणून अभिमान वाटला.

१७ सप्टेंबर

कुणीतरी व्हिडिओ काढलाय. फोनोफोनी फिरतोय. मॅडम मुलांना विचारतेय, की हे वर आभाळाकडे का बघतायत, आपल्याकडे का नाही? एक पोरगा म्हणतो, की मॅडम, आपल्याकडे बघितलं तर आपण काहीतरी मागू. सगळे हसतात. हसण्याचा आवाज फारच स्पष्ट आलाय.

पुन्हा पुन्हा पाहिला. मागे गच्चीचा कठडा दिसतो. कठड्यावर एक डोकं दिसतं. टक्कल काय, कुणाचंही असू शकतं.

१८ सप्टेंबर

तक्रार आली. थोरांचा अवमान. चौकशी समिती बसणार म्हणे. प्राचार्य जिन्यात भेटले आणि हसले. एरवी हसत नाहीत. त्या हसण्याचे तीन अर्थ निघाले, तिन्ही वाईट.

अर्थशास्त्रवाले म्हणाले, की फलक, आभाळ, नजर हा सगळा वरचा फेस आहे. बाईची नोकरी कंत्राटी आहे, एवढाच मुद्दा. पक्की असती तर तक्रार टोपलीत गेली असती. पाया बघा साहेब, पाया. मी ठणकावलं, की तुम्ही लोक जन्मभर पायाच उकरत बसलात, इमल्याकडे पाहिलं नाहीत, म्हणून आज मोठे काका घराघरात ठाण मांडून आहेत. वाद रंगला असता, पण मोठे काका कोण, असं त्यांनी मोठ्याने विचारलं. मी म्हणालो, तास आहे. तास नव्हता.

घरी येताना पोटात गोळा. नीट न्याहाळून ठेवला. भीतीवर पुस्तक लिहिणाऱ्याला घरबसल्या असा अनुभव मिळणं हे भाग्यच. याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

२० सप्टेंबर

निरीक्षण: तोंड कोरडं, तळवे ओले, दारावरची बेल वाजली की उजवा गुडघा आपोआप हलतो. दूधवाला होता.

फोन बंद असला तरी सगळं ऐकतो, असं वाचलं. तो पिठाच्या डब्यात खोल पुरला. बायको पीठ काढायला गेली आणि त्याच क्षणी डबा थरथरायला लागला. तिची किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली. फोन प्राचार्यांचा. परीक्षेचं वेळापत्रक विचारत होते. फक्त वेळापत्रक! एवढं साधं बोलणं संशयास्पद आहे.

बायकोने विचारलं, की अहो, हे काय चाललंय? म्हटलं, संशोधन. ती म्हणाली, मग चाळून द्या.

२२ सप्टेंबर

पुस्तकाला चालना मिळाली आहे. (अजून लिहिलेलं नाही.)

सासूबाई वर्षभरापासून आमच्याकडे आहेत. रोज संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या काकांचं भाषण. आवाज असा, की कपातला चहा हलतो. मी सहन करतो. खोटी जाणीव, म्हणजे लुटणाऱ्यालाच आपला मानणं, इतक्या जवळून बघायला मिळणं सोपं नाही. आज विचारलं, की यांच्यात तुम्हाला एवढं काय आवडतं, तुमची पेन्शन तर वाढली नाही? म्हणाल्या, नाही वाढली, मला काय कळत नाही होय? पण जावईबापू, हा माणूस बोलताना माझ्याकडे बघतो. तुम्ही जेवतानासुद्धा पुस्तकाकडे बघता.

महत्त्वाचं आहे हे. फलकावर नजर आभाळाकडे, टीव्हीवर थेट सासूबाईंकडे. माणूस एक, नजरा दोन. एका नजरेने मोठं व्हायचं, दुसरीने घरचं व्हायचं. आख्खं प्रकरण होईल. उद्या लिहायला घेतो.

मग एकदम सुचलं. वर्षभर सासूबाई जेवायला माझ्या समोर बसतात. मोठ्या काकांविषयी मी जे जे बोललो ते सगळं त्यांच्या कानात आहे. आणि दुपारी त्या खाली बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात. आजपासून जेवताना फक्त भाजीतल्या मिठाविषयी बोलायचं.

२३ सप्टेंबर

जेवताना म्हणालो, मीठ बरोबर आहे. सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. प्रकरण लिहिलं नाही.

२५ सप्टेंबर

माझ्यावर पाळत आहे. आता शंका नाही.

निळ्या शर्टातला माणूस. सकाळी समोरच्या फुटपाथवर उभा. आमच्या खिडकीकडे बघतो, मग घड्याळाकडे. कालही होता. शर्ट अगदी साधा, चेहरा अगदी साधा. कुणाच्या लक्षात राहू नये असाच माणूस ते निवडणार. सामान्य बघ्याला हे दिसलं नसतं. खुणा वाचायचं प्रशिक्षण असल्यामुळे मला लगेच दिसलं.

बायकोला सांगितलं नाही. तिला उगाच भीती नको.

२७ सप्टेंबर

मॅडम घरी आली होती. चौकशी नऊ तारखेला. माझ्याकडून फार काही नको म्हणाली. सर, येऊन एवढंच सांगा, की हे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात आहे आणि मी तुम्हाला विचारून केलं. दोन वाक्यं. तिच्या पगारावर ती आणि तिची आई, दोघी आहेत. कंत्राट सुटलं तर दुसरीकडे कुणी घेणार नाही, कारण व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. रडली वगैरे नाही. फक्त बोलताना पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी शब्द दिला. येईन, म्हणालो. एवढ्यावर न थांबता प्रतिकाराचा इतिहास, संमतीची निर्मिती आणि बुद्धिजीवींची जबाबदारी हे तिन्ही मुद्दे मांडले. बोलताना भीती पार पळाली होती. सासूबाईंनी ऐकायला टीव्हीचा आवाज बंद केला. असं या घरात प्रथमच घडलं. मॅडमचा चहा तसाच राहिला.

ती गेल्यावर खिडकीतून पाहिलं. फुटपाथ रिकामा. म्हणजे तो तिच्या मागे गेला असणार.

३० सप्टेंबर

झोप नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही: भीती वाटते. कसली, ते नेमकं सांगता येत नाही. नोकरीची म्हणावी तर माझी पक्की आहे. मारहाणीची म्हणावी तर अजून कुणी चढा आवाजही काढलेला नाही. कुणी काही करत नाही, याचीच भीती वाटते. सगळे कसे व्यवस्थित वागतायत.

भीत्यापाठी ब्रह्मराक्षस, असं बायको म्हणाली. म्हण लोकसंस्कृतीतली आहे, पण त्यात सत्तेच्या संरचनेचा विचार नाही.

१ ऑक्टोबर

निळा शर्ट दारात!

बेल वाजली, मी पलंगामागे होतो (पेन पडलं होतं). बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, आलेच दोन मिनिटांत. आणि त्याच्याबरोबर निघून गेली.

तासाभराने परत आली. तो गाडी शिकवणाऱ्या क्लासचा मास्तर आहे. ती महिनाभर गाडी शिकतेय. मला का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही शेजारी बसला असता, आणि मग आपण दोघेही कुठे पोचलो नसतो.

मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. निळा शर्ट पाळतीवर नव्हता, तर खरा माणूस कोण? इतके दिवस मी चुकीच्या माणसाकडे बघत राहिलो. ते किती पोचलेले असले पाहिजेत!

६ ऑक्टोबर

निवेदनाची तयारी. मॅडम दोन वाक्यं म्हणाली होती, पण दोन वाक्यांत भौतिक परिस्थिती बसत नाही. निवेदन बरंच लांबलंय. पहिल्या खर्ड्यात होतं: मॅडमनी मला विचारलं आणि मी हो म्हणालो. हे फार व्यक्तिकेंद्री वाटलं. दुसऱ्या खर्ड्यात: विभागप्रमुखांशी चर्चा झाली होती. तिसऱ्यात: विभागात विचारविनिमयाची परंपरा आहे. चौथ्यात फक्त परंपरा राहिली, तीही टूथपेस्टची.

वाचून पाहिलं. मांडणी निर्दोष. 'मी' कुठेही नाही. तसाही 'मी' हा भांडवली समाजाचा शब्द आहे.

८ ऑक्टोबर

अंग कसंतरीच होतंय. ताप मोजला, नाही. थर्मामीटर बिघडलेला दिसतो.

विचार केला, तर उद्या न जाणं हीच प्रगल्भ भूमिका ठरू शकते. समोरासमोरची चकमक हा उतावळ्यांचा मार्ग. टिकाऊ लढाई खंदकातली असते, वर्षानुवर्षांची. मी आज उघडा पडलो तर पुढच्या पिढ्यांना फलक वाचायला कोण शिकवणार? हे बायकोला समजावत होतो. सासूबाई टीव्हीपुढून उठून आल्या. जावईबापू, म्हणाल्या, त्या पोरीला शब्द दिलात ना? माझ्यासमोर दिलात. मग जायचं. मी म्हटलं, पण तिने तुमच्याच लाडक्या माणसाची थट्टा केली. त्या म्हणाल्या, केली, मला नाही आवडली. पण तुम्ही शब्द दिलात.

खोट्या जाणिवेत एवढा ठामपणा कुठून येतो, कळत नाही. या बाबतीत सिद्धान्त अपुरा आहे.

जाणार आहे.

९ ऑक्टोबर

सकाळी ९.१०. बायको म्हणाली, मी सोडते. क्लासची गाडी, शेजारी निळा शर्ट, मी मागे निवेदन मांडीवर घेऊन. वळणांवर डोळे मिटून घेतले. तिची गाडी मात्र सरळ जाते.

१०.१५. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मॅडम आधीच बसली होती. मला बघून उभी राहिली. सर, आलात, बरं वाटलं, एवढंच म्हणाली. अर्थशास्त्रवालेही बाकावर होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. का आलात, विचारलं, तर म्हणाले, हिची नोकरी गेली तर उद्या माझ्याकडच्या कंत्राटी पोराची जाईल, पायाचा प्रश्न आहे. मला तेव्हासुद्धा वाद घालायची इच्छा झाली.

आतून हसण्याचा आवाज आला. तीन माणसं चहा पिताना हसतात तसा. मॅडमला म्हटलं, पाणी पिऊन येतो.

१०.४०. शैक्षणिक साहित्य ठेवायची खोली. दार आतून लावलंय. लपलेलो नाही. चार मिनिटं शांतपणे मुद्दे जुळवतोय. इथे जुने नकाशे, मोडका प्रोजेक्टर, खडूंचा वास. बाहेर बुटांचा आवाज येतोय, जातोय.

१०.५५. माझं नाव घेऊन कुणीतरी हाक मारली. दोनदा. आवाज मॅडमचा होता. ओ द्यायला तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटलेली. हे शारीरिक आहे, यात वैचारिक काही नाही.

११.२०. सामसूम.

१२.०५. बाहेर आलो. बाक रिकामा. शिपाई कप गोळा करत होता. संपलं म्हणाला.

१० ऑक्टोबर

अर्थशास्त्रवाल्यांकडून कळलं. मॅडमला विचारलं गेलं, की हा फलक निवडायला कुणी सांगितलं. ती म्हणाली, माझी मीच निवडला. विभागप्रमुखांना कल्पना होती का? नव्हती. अर्थशास्त्रवाले मध्ये बोलायला उठले, की खोटं आहे, माझ्यासमोर तो माणूस पाठीशी आहे म्हणाला होता. तिने त्यांना हात धरून खाली बसवलं. नंतर बाहेर म्हणाली, की सरांना नका ओढू यात, त्यांना सोसवत नाही.

कंत्राट पुढे चालणार नाही.

अर्थशास्त्रवाले हे सगळं सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. मला टूथपेस्टवालेसुद्धा म्हणाले नाहीत.

खूप वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तिचा तो निर्णय स्वतंत्र होता, आणि स्त्रीच्या स्वतंत्र निर्णयाचा आदर करायला हवा.

घरी सासूबाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, झालं व्यवस्थित. त्यांनी टीव्ही लावला. आवाज हळू ठेवला. जेवायला माझ्यासमोर बसल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर

प्राचार्यांनी बोलावलंय. उद्या अकरा वाजता. आता पाळी माझी. मनाची तयारी झाली आहे. बायकोला विम्याची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं. ती म्हणाली, हप्ते तर मीच दरवर्षी भरते.

१४ ऑक्टोबर

मोजे दोन वेगळ्या रंगांचे घालून गेलो, हे बसल्यावर कळलं. प्राचार्यांनी चहा मागवला. परीक्षेचं वेळापत्रक अजून आलं नाही म्हणाले. मी वाट बघत राहिलो. ते पंख्याबद्दल बोलले. शेवटी राहवेना. मीच विचारलं, की सर, त्या प्रकरणात माझ्याबद्दल काय ठरलं? ते गोंधळले. तुमच्याबद्दल? तुमचा काय संबंध? मी म्हटलं, विभागप्रमुख या नात्याने. त्यांनी आठवून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, कपाळाला हात लावून. मग म्हणाले, नाही हो, तुमचा विषयच निघाला नाही.

जिना उतरताना पाय हलके झाले होते. तिसऱ्या पायरीवर मात्र अपमान वाटला. इतकी वर्षं भीतीवर विचार करणाऱ्या माणसाची कुणालाच भीती नाही? नोंद घेण्याइतकाही मी नाही? मग म्हटलं, यातच माझ्या कामाचं यश आहे. खंदक दिसत नाही, म्हणूनच तो खंदक.

वेळापत्रक दिलं.

२७ ऑक्टोबर

पुस्तकाचं शीर्षक बदललं. 'भीती आणि संमती' थोडं भडक होतं. आता 'संमती: काही निरीक्षणं'. अर्पणपत्रिका मॅडमला करावी असा विचार आहे. नाव न घालता.

३ नोव्हेंबर

आज बसस्टॉपवर मॅडम भेटली. मी आधी पाहिलं आणि खांबाआड होणार होतो, तेवढ्यात तिने पाहिलं. जवळ आली. वाळलीय. हातात दोन जड पिशव्या होत्या. मला वाटलं, आता बोलेल. सगळ्या स्टॉपसमोर बोलेल. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाली, की सर, बरे आहात ना? तुम्ही फार घाबरला होतात. आता काळजी करू नका, तुमचं नाव मी कुठेच घेतलेलं नाही. कुणी विचारलं तरी घेणार नाही.

काय सांगू, केवढं बरं वाटलं! महिनाभरात प्रथमच मोकळा श्वास आला. तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले, पुन्हा मानले. बस आली, ती चढली, मी हात हलवला. घरी चालत आलो. जेवलो पोटभर. मीठ बरोबर होतं.

आत्ता लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की ती सध्या काय करते, हे विचारायचं राहून गेलं. दुसरी नोकरी मिळाली का. आई कशी आहे. एवढ्या पिशव्या घेऊन कुठे निघाली होती. फोन करावा म्हटलं, तर तिचा नंबर मी नऊ तारखेलाच खबरदारी म्हणून पुसून टाकला होता.

झोप मात्र आज छान येईल असं वाटतं.